फोनमागचा आवाज

वडगाव, बेळगाव
रविवार, रात्री

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आप्पा, आज मागं एवढं शांत कसं काय? माग बंद आहेत काय?" मी म्हटलं, करंट गेलाय. ते खोटं होतं बाळ. करंट होता. आपल्या चार यंत्रमागांतले तीन मी आदल्या शुक्रवारीच विकले होते.

तुला आजवर कधी खोटं सांगितलं नाही. आठ दिवस जेवण गोड लागलेलं नाही. तुझी आई म्हणाली, फोनवर तुमच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही, लिहून काढा. म्हणून लिहायला बसलोय.

भंगारवाल्याचा टेम्पो खासबागेकडून आला. दोन पोरं होती, विशी-बाविशीची. कामाला चोख, बोलायलाही चांगली. जे बोल्ट निघाले ते पान्यानं काढले, गंजलेले गॅसनं कापले. दुपारपर्यंत तीन माग लोखंडाचा ढीग होऊन दारात पडले. वजन किलोवर झालं. वजनात लाकूड धरत नाही म्हणाली पोरं, म्हणून आडवं सूत नेणारे लाकडी धोटे मागं राहिले. ते मी बिस्किटाच्या जुन्या डब्यात ठेवलेत. त्यातला एक हातात घेतला, तर दोन्ही टोकांचं लोखंड अजून सुईसारखं गुळगुळीत, आणि मधे जिथं अंगठा धरून सुताची कांडी बसवायची तिथं लाकूड खोलगट झालेलं. त्या खळग्यात माझा अंगठा बसला, मग तुझ्या आईला बसवायला सांगितला, तर तिचाही नेमका बसला. लहानपणी तूही त्यातच बोट घालून खेळायचीस.

ते गेल्यावर घरात थांबवेना. चपला घातल्या आणि निघालो. तुझा तो खेळ आठवला. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाला डोळे मिटून घ्यायचीस आणि नुसत्या आवाजावरून सांगायचीस, हे कोपऱ्यावरच्या काकांचं घर, हे अक्कांचं. काकांचा एक माग लंगडत चालायचा, दोन ठोके जवळ आणि तिसरा लांब. अक्कांकडं नक्षी काढणाऱ्या डॉबीचा वेगळा कडकडाट. मीही तसाच कान देऊन चाललो.

काकांच्या घरात आता कॉलेजची पोरं भाड्यानं राहतात. जिथं माग होते तिथं पत्र्याचे आडोसे घालून चार खोल्या केल्यात. अक्कांकडं मात्र थप थप ऐकू आलं म्हणून आत डोकावलो. अक्का आणि त्यांची सून ज्वारीच्या भाकऱ्या थापत होत्या. खानावळीला रोज मोजून द्यायच्या. तीस वर्षं कांड्या भरलेले ते हात, वेग तोच. "बसा की हो," म्हणाल्या, आणि गरम भाकरीवर तेल-चटणी घालून हातात दिली. खाल्ली. पुढं ती सोळा मागांची मोठी शेड, तिथं जिम झालंय. गाणी लावून पोरं वजनं उचलतात. चांगली धष्टपुष्ट पोरं आहेत, निम्मी तरी विणकरांचीच. सकाळी उद्यमबागेत फौंड्रीत नाहीतर टर्निंगवर जातात, संध्याकाळी इथं. कुणाची मजुरी महिन्याच्या महिन्याला बँकेत पडते हे ऐकून मला बरंच वाटतं. आम्हाला ती कधी पडली नाही.

खासबागेपर्यंत चाललो. कान देऊन मोजत गेलो, तर चालू माग सात ठिकाणी निघाले. त्यातले दोन नुसते सांधणीसाठी, म्हणजे नवा ताणा जोडायला, थांबले होते, ते धरून. एका दारात एक माणूस बीमसमोर, म्हणजे उभ्या सुताच्या रुळासमोर, मांडी घालून जुन्या ताण्याच्या टोकाला नव्याचं टोक चिमटीत पीळ देऊन जोडत होता. हजारो तारा, एकेक करून. मान वर न करता कन्नडात म्हणाला, "एन् मामा, वाकिंगा?" मी म्हटलं हो, वाकिंग.

आपली वस्ती अशीच होती ना. आपण माग म्हणायचो, शेजारी कन्नडात मग्ग. आपण धोटा, ते लाळी. पलीकडच्या गल्लीत घरात तेलुगू. तार तुटली की शिवी मात्र ज्याच्या तोंडाला येईल त्या भाषेतली! २०२४ ला पाटीवर ६० टक्के कन्नडचा कायदा झाला, तेव्हापासून पाट्या बदलल्यात. आपल्या दुकानांवर आजोबांच्या हातची मराठी अक्षरं होती, ती खाली बारीक झाली किंवा गेलीच. मला त्याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. पण त्याच दुकानात आत गेलं की मालक मला मराठीत आणि माझ्या मागच्या माणसाला कन्नडात विचारतो, हेही तितकंच खरं.

नाथ पै चौकातून शहापूरच्या खडे बाजारात गेलो. हे शहापूर सांगली संस्थानचं, आणि पलीकडं रेल्वेरुळांपासून इंग्रजांचं बेळगाव. १९४८ ला संस्थान विलीन झालं, पण आमचे आजोबा शेवटपर्यंत "बेळगावला जाऊन येतो" म्हणत, जणू परगावी निघालेत. याच बाजारात त्यांनी डोक्यावरून साड्या आणल्या, वडिलांनी सायकलवरून, मी आधी सायकलवरून, मग स्कूटरवरून.

ज्यांच्यासाठी मी वीस वर्षं विणलं त्या दुकानात गेलो. त्यांनी चहा मागवला. काउंटरवर सुरतेचा गठ्ठा फोडलेला होता. एक साडी हातात घेतली, सवयीनं उलटी केली. नक्षी छापलेली, उलट बाजूला फिकट. हात लावल्यावर गार लागते, वजन नाही. पण भाव ऐकलास तर तूसुद्धा तीच घेशील. तिकडचे माग धोट्याशिवाय चालतात, आमच्या कितीतरी पट वेगानं. आमचा एक माग दिवसभर नीट चालला तर तीन, फार तर चार साड्या. ह्या गणितावरून मी मालकांशी कधी भांडलो नाही, त्या दिवशीही नाही. खानापूरकडची एक बाई मुलीच्या लग्नाचा बस्ता काढायला आली होती. तिनं विचारलं, "ह्यात इथली कुठली?" मालकांनी खालच्या फळीवरून एक काढली. हिरवी, तांबडा काठ. ताई, ती माझी होती. काठाच्या आत एका ठिकाणी तार जाड पडली होती, मी ओळखली. बाईनं पदर खांद्यावर टाकून आरशात बघितलं आणि बाजूला ठेवून घेतली. मी काही बोललो नाही, चहा संपवून बाहेर आलो.

कपिलेश्वर उड्डाणपुलावर चढून थोडा वेळ कठड्याला टेकून उभा राहिलो. खालून रेल्वेगाडी गेली. पूल नव्हता तेव्हा इथं फाटक पडायचं, मागं सायकलीला गठ्ठा आणि पुढच्या दांडीवर तू, डबे मोजायचीस. आता वरून कुणी थांबत नाही. एकानं हॉर्न देऊन मला बाजूला केलं.

आता का विकले ते सांगतो, म्हणजे तू मनात भलतंसलतं आणणार नाहीस. तुझ्या शिक्षणामुळं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात पाणी शिरलं तेव्हा मागांच्या मोटारी जळाल्या, बीमवरचं सूत कुजलं. मोटारी भरून घ्यायला कर्ज काढलं. ते फिटायच्या आत मार्च २०२० आलं. लग्नं नाहीत, बाजार नाही, विणून ठेवलेल्या साड्या घडी करून कपाटात. त्या वर्षी आपल्या पेठेत काही घरांत काय झालं ते तुला माहीत आहे, मी लिहीत नाही. तुझी आई रात्री दोनदा उठून मी जागेवर आहे का बघायची, हे तिनं मला परवा सांगितलं. मग सुताचे भाव. आणि आता माणूस मिळत नाही. चार मागांवर मी एकटा, गुडघे दुखतात, एकाची तार जोडेपर्यंत दुसरा फुकट चालतो. लोखंडाच्या पैशात उरलेलं कर्ज फिटलं. पावती देव्हाऱ्यात ठेवलीय.

चौथा माग मी दिला नाही. तो १९९४ ला घेतलेला, खिडकीकडचा. भंगारवाली पोरं म्हणाली, मामा, हा पण द्या, परत फेरी कशाला? मी म्हटलं, ह्यावर बीम आहे. खरंच आहे. बीम अर्धं उरलंय, आकाशी ताणा, आडवं सूत अजून ठरवलेलं नाही. संपलं की सांधणीवाल्याला बोलवायचं की नाही ते तेव्हा बघू. तुझी आई म्हणते बोलवा.

रिकाम्या जागेचं काय करायचं ते तू आल्यावर बोलू. फरशीवर तीन मागांच्या पायांचे चौकोन तसेच दिसतात, तेल मुरलेलं, घासून निघत नाही. भाड्याच्या खोल्या काढा असं तुझे काका म्हणतात. मला सध्या तरी नको वाटतं. आषाढात मंगाईची यात्रा आहे, तेव्हा दोन दिवस रजा काढून येतेस काय बघ. येताना आडव्याला रंग कुठला हवा ते ठरवून ये, मोरपंखी किंवा पिवळा, एक साडी तुझ्यासाठी काढतो. अक्कांनाही विचारून ठेवलंय, त्यांच्याकडं उरलेल्या कांड्या आहेत.

आणि फोन रविवारी दुपारी करू नकोस, तेव्हा मी माग बंद ठेवतो. सकाळी नऊच्या आत कर. मी खिडकीजवळच असतो, उचलायला थोडा वेळ लागला तर लागू दे, माग थांबवणार नाही.

तुझे,
आप्पा