मागचा दरवाजा कुणासाठी?

संपादक साहेब,

पोलिसांसाठी म्हणून फोनमध्ये मागचा दरवाजा, म्हणजे लॉक चुकवून आत शिरायची गुप्त वाट, ठेवा असं कुणी म्हटलं की हसूच येतं, अहो त्या दारातून चोर येणार नाहीत का? 2016 ला अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने अ‍ॅपलकडे एका हल्लेखोराच्या आयफोनचं लॉक मोडायचं सॉफ्टवेअर मागितलं, अ‍ॅपलने साफ नाही म्हटलं, आणि फोन शेवटी बाहेरच्यांकडून उघडून घेतलाच! म्हणजे लॉक आहे म्हणून निवांत राहू नका. लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप रिपेअरला देताना स्लीपमध्ये देऊ नका, पूर्ण बंद करा, कारण चालू मशीनच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, एन्क्रिप्शनची (डेटा कुलूपबंद करणारी) चावी पडलेली असते. विंडोजमधलं डिस्कचं कुलूप म्हणजे बिटलॉकर, त्याची रिकव्हरी की (राखीव चावी) मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर गेलीय का, म्हणजे कंपनीकडेही आहे का, तेही बघा, बऱ्याच जणांना पत्ताच नसतो. आणि चार आकडी पिन, तोही जन्मसाल, प्लीज बदला.

एक वाचक, दादर