बाई, तुम्ही तारीख घालून दिलीत

आदरणीय बाई,

हे तुमच्यासमोर बसून बोललो असतो तर दुसऱ्याच वाक्याला तुम्ही विषय बदलला असता. म्हणून उघड पत्र लिहितोय. चारचौघांत कौतुक झालेलं तुम्हाला आवडत नाही, तरी एवढ्या एकदा चालवून घ्या. रोज लिहायचं ठरवून हिरमुसलेली बरीच माणसं मला भेटतात. तुमच्यासारखं कुणीतरी त्यांनाही भेटायला हवं होतं, असं दर वेळी वाटतं.

आधी मनातला राग सांगून टाकतो. तुमच्याकडे येण्यापूर्वी मी एका लेखन कार्यशाळेत जात होतो. पहाटे उठायचं, रोज हजार शब्द लिहायचे, एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ज्याचा दिवस चुकला त्याला सगळ्यांसमोर उभं करून कारण विचारायचे. आईचं आजारपण सुरू झालं होतं, मी तसं सांगितलं. त्यावर उत्तर मिळालं, ‘ज्याला लिहायचंच असतं तो वेळ काढतो.’ रात्रभर आजाऱ्याजवळ जागलेल्या माणसाला हे ऐकवणाऱ्याला शिस्त शिकवायचा काय अधिकार? फी भरलेली असूनही मी तिथे परत गेलो नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मागाहून वाचनात आलं की त्या नियमाला फारसा आधारही नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी कृती निवडायला सांगून १२ आठवडे त्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. २०१० साली हा अभ्यास छापून आला. कृती खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, लिहिण्याच्या नव्हत्या, पण सवय कशी लागते ते त्यातून कळतं. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली, असं दिसलं नाही. बाई, तुम्ही हा अभ्यास वाचलेला नव्हता. तुम्हाला माणसं ठाऊक होती.

तुम्ही मला दोनच ओळी लिहायला सांगितल्यात, आणि त्यांची जागा ठरवून दिलीत: आईचं रात्रीचं औषध देऊन झालं की डबा बंद करायचा आणि वही उघडायची. वेळ घड्याळावर ठेवली नाहीत, औषधाला जोडलीत. औषध चुकणार नव्हतं, म्हणून वहीही चुकली नाही. ‘काय लिहू?’ विचारलं तर म्हणालात, ‘आज जे झालं ते. चांगलं लिहायचं नाहीये, नुसतं लिहायचंय.’ उभा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यात गेलेल्या बाईंनी माझ्या वहीला लाल पेन लावलं नाही. वाचायलाही कधी मागितली नाही.

मग आई गेली.

लोक येऊन जात होते, कागदपत्रं निघत होती, आणि वही औषधांच्या डब्याखाली तशीच पडून होती. तुम्ही आलात, बसलात. लिहिण्याचा विषयही काढला नाहीत. निघताना तुमचं लक्ष डब्याकडे गेलं. वही उचललीत, लिहिलेल्या पानांवर तळहात ठेवून ती न बघता एकदम उलटलीत आणि पुढच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घातलीत. मी म्हटलं, ‘मधले दिवस राहिलेत, त्यांची पानं सोडायला हवीत.’ तुम्ही म्हणालात, ‘न लिहिलेल्या दिवसांना पान लागत नाही.’ आणि वही माझ्या हातात देऊन पायऱ्या उतरून गेलात.

का लिहिलं नाहीस, हे तुम्ही विचारलं नाहीत. बाई, त्या दिवसांत मला प्रत्येकजण काही ना काही विचारत होता. न विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. त्या रात्री मी एक ओळ लिहिली: ‘आज औषधांचा डबा रिकामा केला.’ लिहिता लिहिता कळलं की वही बंद का पडली होती. आळसाचा त्यात काही संबंध नव्हता. ज्या औषधाला ती बांधलेली होती ते औषधच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी हे सांगायला आलो, तर तुम्ही जणू त्याचीच वाट बघत होतात. ‘आता दाराला कडी लावलीस की लिहीत जा,’ म्हणालात. तेवढं पुरलं. अजून पुरतंय.

एक इशाराही तुम्ही वेळेवर दिला होतात: जड लिहिलंस तर लगेच हलकं वाटेल असं धरून चालू नकोस, आणि फारच झालं तर वही मिटून माझ्याकडे ये. हे कुणी सांगत नाही. लिहा, मन मोकळं होईल, एवढंच सांगतात. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा जो प्रयोग छापून आला त्यात हेच दिसलं होतं. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक घटनांवर लिहिलं. लिहून उठताना ते जास्त खिन्न होते. घटनेबरोबर भावनाही लिहिणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या मात्र पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी राहिल्या. माझंही साधारण तसंच झालं. पहिले काही आठवडे वही मिटल्यावर रडू यायचं, आणि तुम्ही आधी सांगून ठेवलं होतंत म्हणून मी घाबरलो नाही.

झोपेचंही सांगतो. दोन ओळींखाली मी उद्याची कामं लिहू लागलो. बेलर विद्यापीठातल्या मायकेल स्कलिन यांच्या २०१८ च्या प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली होती. माझी मिनिटं मी मोजलेली नाहीत. पण अंथरुणात पडून ‘हे विसरायला नको, ते विसरायला नको’ चाललेलं असायचं, ते थांबलं.

सगळ्यात मोठा लाभ वेगळाच निघाला. आईच्या आजारपणात भाऊ फिरकला नाही, अशी अढी माझ्या मनात बसली होती. मागची पानं चाळताना त्याचं नाव सापडलं. माझ्याच अक्षरात: ‘आज दादा रात्रभर बसला, मला झोपायला लावलं.’ पुढे आणखी एकदा. पुन्हा एकदा. थकलेल्या मनाने त्या रात्री पुसून टाकल्या होत्या, वहीने ठेवल्या होत्या. मी दादाला फोन केला आणि आम्ही खूप वेळ बोललो. त्या दोन-दोन ओळी नसत्या तर आम्ही दोघं आज कुठे असतो, याचा विचारही करवत नाही.

मदत करून तिचा हिशेब न मागणारी माणसं जगात आहेत, आणि त्यांचा गाजावाजा होत नाही म्हणून ती कमी वाटतात. समोरच्याची वही हातात असताना ती न वाचण्याइतका सभ्यपणा मी फार थोड्यांत पाहिलाय. हुशार माणसं पुष्कळ भेटली. त्यांनी मला सल्ले दिले. तुम्ही मला माझी वही परत दिलीत.

आता कामाचं. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, आणि नंतर काही दिवस डोळ्यांना ताण नको असं डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्हीही रोज लिहिता, हे मला माहीत आहे. त्या दिवसांत रात्रीचं जेवण झालं की मी येत जाईन. तुम्ही सांगा, मी लिहून घेईन, तुमचा एकही शब्द न बदलता. मागची पानं उघडणार नाही. नाही म्हणू नका.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा