माळेगावच्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांना

चाचा, नमस्कार.

तुम्ही मला नावानं ओळखणार नाही, मीही तुमचं नाव विचारलं नाही, त्याची आता लाज वाटायलीय. पण पांढरी गाडी, एमएच २४ पासिंग, मागच्या सीटवर स्वेटर अन् वरून मफलर गुंडाळलेली म्हातारी अन् तिच्या मांडीवर धपाट्याचा डबा, एवढं सांगितलं तर आठवेल बहुतेक. डिसेंबरचा शेवट होता, माळेगावच्या खंडोबाची यात्रा तोंडावर आलेली, रस्त्यावर घोडे भरलेले टेम्पो चाललेले अन् मी लातूरहून आईला डोळ्याच्या चेकअपला नांदेडला घेऊन चाललेले. अहमदपूर सोडलं अन् गाडी डावीकडं ओढायला लागली. लोह्याच्या अलीकडं तुमचं पत्र्याचं शेड दिसलं, बाहेर टायरला चुना लावून 'पंचर' लिहिलेलं, तिथं थांबले.

हे तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल असं धरून लिहायलेय, तोच तो, जो जॅक लावता लावता एका कानात हेडफोन घालून होता.

तर आधी माझं रडगाणं सांगते, कारण त्या दिवशी घाईत ते नीट सांगायचंच राहिलं. त्या पुढच्या डाव्या चाकाची हवा मला दिवाळीपासून त्रास देत होती. पूर्ण बसत नव्हतं हो चाक, बसलं असतं तर बरं झालं असतं, एकदाचा काय तो निकाल लागला असता. आज ३३ पॉइंट (पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) भरली की आठ दिवसांनी २४. परत भरा, परत २४. पेट्रोल पंपावर हवा फुकट असते म्हणून जायचं तर निम्म्या वेळा 'मशीन बंद आहे मॅडम', अन् चालू असलं तर पोरगं गेजकडं, म्हणजे हवा मोजायच्या काट्याकडं, न बघता फुस्स करून पुढच्या गाडीकडं. एका ठिकाणी टायर पाण्यात घातलं, दहा सेकंद बघितलं, म्हणे काही नाही. दुसऱ्या ठिकाणी तर मी फोनवर बोलून वळेपर्यंत दोन पंक्चर निघाले होते अन् दोन रबराच्या वाती आत गेलेल्या, पैसे घेतले, अन् आठ दिवसांनी हवा परत २४ वर. तिसऱ्यानं सांगितलं टायरचं वय झालंय, पुढचे दोन्ही बदला, अकरा हजार. ते मी जवळजवळ देणारच होते, फक्त पगार व्हायचा होता म्हणून थांबले. बाई गाडी घेऊन एकटी आली की समोरच्याच्या तोंडावर एक वेगळंच हसू येतं, ते तुम्हाला सांगून कळणार नाही, तुमच्या तोंडावर ते नव्हतं म्हणून सांगायलेय.

तुम्ही गेज लावला, १७ निघाली. मला वाटलं आता ओरडा बसणार. तुम्ही म्हणालात, "ताई, हात लावा टायरला. साईडला. हां. आता तिकडच्याला लावा." डावं गरम, इस्त्री आत्ताच बंद केल्यासारखं, अन् उजवं नुसतं कोमट. मी पंधरा वर्षं गाडी चालवतेय, टायरला कधी हात लावला नव्हता.

मग तुम्ही जो प्रश्न विचारला तो दोन महिन्यांत मला कुणीच विचारला नव्हता. "चारी उतरायलेत का एकच?" मी म्हणले एकच. तुम्ही मान हलवली, म्हणालात चारी सारखे उतरले असते तर थंडी, कारण हवा गार झाली की आकसते, दहा डिग्री उतरली की दीड-दोन पॉइंट आपोआप कमी दाखवतं, अन् तसंही चांगल्या टायरमधून महिन्याला एखादा-दोन पॉइंट जातोच. पण एकच उतरायलंय म्हणजे त्याला कुठंतरी वाट आहे. एवढंच. मी सायन्सला होते, मला हे सुचू नये?

त्यानंतर तुम्ही जे केलं ते मी आतापर्यंत ऑफिसात किमान दहा जणांना सांगितलंय. आधी बोट जिभेला लावून वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, तोंडावर थुंकीचा थेंब ठेवला. आईनं तोंड वाकडं केलं, मी बघितलं. थेंब तसाच, फुगला नाही, म्हणजे वॉलची पिन चांगली. मग वॉल बोटानं वाकवून त्याच्या बुडाला साबणाचं पाणी लावलं, तिथंही काही नाही. मग चाक खोललं, हवा चाळीसपर्यंत चढवली अन् त्या अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये चाक उभं बुडवलं अन् नातवाला म्हणालात, चहा सांग. मला वाटलं हे झालं यांचं, आता टाइमपास. पण तुम्ही चहा पीत पीत त्या पाण्याकडंच बघत होता. थोडं फिरवायचं अन् थांबायचं. थोडं फिरवायचं अन् थांबायचं. त्या वाती मारलेल्या जागा पाण्याखालून गेल्या, तिथून काहीच नाही, तुम्ही फक्त "ह्यांनी कायकू मारलं हे" असं पुटपुटलात. अन् मग रिमच्या कडेला, टायर जिथं अलॉयच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) रिमला चिकटतं तिथं, ताकावर येतो ना तसा बारीक फेस. बुडबुडे म्हणायच्याही लायकीचे नाहीत. एक यायचा, दहा आकडे मोजावेत तेवढ्यात दुसरा. दहा सेकंद बघणाऱ्याला तो दिसणार कसा?

तुम्ही म्हणालात, "बीडमधून हवा जायलीय."

अन् मी म्हणले, "चाचा, बीडला तर मी दोन वर्षांत गेलेच नाही."

तुमचा नातू हेडफोन काढून हसला. आई पण. तुम्ही नाही हसलात, तुम्ही बोटानं टायरची आतली कड दाखवलीत, ह्याला बीड म्हणतात, ट्यूबलेसमध्ये ट्यूब नसते तर हवा धरून ठेवायचं काम ही कड अन् रिम एकमेकाला दाबून करतात, मधे केसाएवढी फट राहिली तरी हवा हळूहळू जाते. आमच्या मावशीचं सासर बीड, तिला फोन करून सांगितलं की माझी हवा बीडनं काढली, ती म्हणे आमच्याकडं आल्यावर सगळ्यांचीच निघते.

टायर खोलायच्या आधी तुम्ही खडूनं वॉलच्या समोर टायरवर एक रेघ मारलीत. तेव्हा कळलं नाही कशाला. बसवताना ती रेघ परत वॉलसमोर आणलीत तेव्हा कळलं, म्हणजे चाकाच्या बॅलन्सिंगचं, वजनाच्या तोलाचं, जास्त बिघडत नाही, तुमच्याकडं ती मशीन नाही म्हणून. मशीन असलेल्यांनी असली रेघ मारलेली मला आठवत नाही.

आतलं सगळं मला वाकून बघायला लावलंत. आधी टायरमध्ये टॉर्च मारला, काळी भुकटी पडलीय का बघायला. हवा कमी असताना लांब चालवली की टायरच्या बाजू दुमडून दुमडून आतून घासतात अन् रबराचा भुगा पडतो, तो दिसला असता तर हे टायर खरंच गेलं होतं म्हणालात. नव्हता. मग अलॉयची कड. तिथं पांढरी पूड धरलेली, मीठ फुटावं तशी, अन् एका जागी टॉमीचा (टायर काढा-घालायच्या लोखंडी पट्टीचा) ओरखडा. म्हणजे मागं कधीतरी टायर चढवताना कुणीतरी टॉमी जोरात लावली, रंग उडाला, तिथून पाणी लागलं, अ‍ॅल्युमिनियम खराब होत गेलं अन् कड खडबडीत झाली. टायर नवं घातलं असतं तरी हवा तिथूनच गेली असती. हे ऐकून माझ्या पोटात अकरा हजारांचा खड्डा पडता पडता राहिला.

मी विचारलं होतं ते पंक्चर बुजवायचं जेल टायरमध्ये भरून भागेल का, पंपावरच्या पोरानं सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात, ते जेल फिरताना टायरच्या पाठीला पसरतं, खिळ्याच्या भोकाला ठीक आहे, कडेला त्याचा भरवसा नाही, अन् नंतर चाक खोलणाऱ्याच्या हाताला सगळं चिकट. बरोबर आहे. खोलणारे तुम्हीच.

तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग कापडानं पुसून परत पॉलिश पेपर, बोट फिरवून बघायचं, परत. तुम्ही अख्ख्या रिमची कड अशी केलीत, दोन्ही बाजूंनी, खराब तर एकाच बाजूला एवढासा तुकडा होता. मग ते काळं सीलर लावलंत, वॉल आहे तर जुनंच चांगलं पण टायर निघालंच आहे तर नवीन टाका म्हणून नवीन टाकलंत, अन् कंप्रेसर लावल्यावर ते फट्, फट् असे दोन आवाज झाले तेव्हा आई दचकली अन् तुम्ही तिला म्हणालात, "बसलं आम्मा, जागेवर बसलं." आई तुमच्याच वयाची असेल चाचा. पण तिला ते लई आवडलं, अजून सांगते.

अन् टायरवरचे ते चार आकडे. ३१२० लिहिलेलं दाखवलंत, म्हणजे २०२० सालचा एकतिसावा आठवडा, तेव्हा हे टायर बनलं. मग खाचेतली ती छोटी उंच पट्टी दाखवली, रबर झिजून तिच्या बरोबरीला आलं की १.६ मिलीमीटर राहिलं समजायचं अन् टायर बदलायचं, माझं अजून बरंच वर होतं. "अजून चालवा ताई, जवा बदलायचं तवा मी सांगतो." तुम्ही नवीन टायरही ठेवता, शेडमध्ये चार लटकलेले मी बघितले होते. एक विकून टाकलं असतंत तर मी निमूट पैसे देऊन वर आभार मानून गेले असते.

स्टेपनीचा विषय काढायची खरं तर इच्छा नाही. पण तुम्ही डिक्की उघडायला लावलीत, आईचं सामान खाली काढायला लावलंत, अन् स्टेपनीत हवा निघाली १२. मी सहा महिने तिच्या भरवशावर आईला घेऊन फिरत होते. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलंत, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

निघताना मी उगाच शहाणपणा केला की उन्हाळ्यात तीसच ठेवते, आमच्याकडं सगळे म्हणतात उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतं. त्यावर तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. उलटं आहे म्हणालात, हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दुमडते, दुमडली की तापते, अन् तापून तापून फुटते, ते मघाशी हात लावून बघितलंत ना तेच. दारावरच्या स्टिकरवर जेवढी लिहिलीय तेवढीच, सकाळी गाडी गार असताना मोजायची, अन् चालवून आल्यावर तीन-चार पॉइंट जास्त दिसले तर काढायची नाही. हे मी ऐकलं चाचा. एप्रिलमध्ये आम्ही जालन्याहून समृद्धीवर चढून शिर्डीला गेलो, तिथं १२० ची परवानगी अन् सिमेंटचा रस्ता असा तापलेला की समोर पाणी दिसायलं, अन् माझे भाऊजी जालन्यातच म्हणायला लागले थोडी हवा काढून घेऊ. मी काढू दिली नाही. ते शिर्डीपर्यंत गप्प बसले, मग दर्शनाच्या रांगेत परत तोच विषय, मग मी पण टायरला हात लावायला लावला त्यांना, पार्किंगमध्ये, चारी टायरला.

पैशाचं. अडीचशे घेतलेत तुम्ही. दीड तास, दोन चहा तुमच्याच खर्चानं, अन् अडीचशे. मी पाचशे दिले तर सुट्टे आणायला नातवाला पळवलंत.

आता मे संपत आलाय. मी शंभर-दोनशेचं नाही, चांगलं गेज घेतलंय, दर रविवारी सकाळी चहाच्या आधी मोजते, नवरा म्हणतो बीपी मोजायला एवढी नियमित असतीस तर. त्या चाकात जानेवारीपासून मी एकूण दोनदाच हवा भरलीय, अन् दोन्ही वेळा चारी चाकांत सारखीच भरावी लागली.

आईची पुढची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, नांदेडलाच. तुमच्याकडं थांबणार आहोत, गाडीचं काही काम नाही, तरी. त्या दिवशी तुम्ही ग्रीसचे हात आहेत म्हणून धपाटं कागदात बांधून ठेवलंत, खाल्लंत का नाही ते आईला अजून कळलेलं नाही, अन् ती सारखी विचारायलीय की चाचाला लसणाची चटणी तिखट चालते का कमी करू. नातवाला म्हणावं कळव.

तुमची,
लातूरची ताई (अन् आम्मा)