देणगीचा डबा आणि 30 टक्के कर

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया, सादर नमस्कार.

हक्कांसाठी झगडणाऱ्या एका छोट्या संस्थेचे हिशेब मी लिहितो. रेशन, मजुरी, वनजमिनीचे दावे अशी आमची कामं. अशा कामाला पैसा मिळणं मुळात अवघड. नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायचं बंधन मोठ्या कंपन्यांवर आहे. पण शाळेच्या नव्या खोलीवर कंपनीची पाटी लागते, माहिती अधिकाराच्या अर्जावर ती कुठे लावणार? परदेशी निधीचे नियम 2020 च्या दुरुस्तीनंतर आणखी कडक झाले. म्हणून आम्ही लोकांकडे वळलो, आणि माझ्या मते तेच योग्य होतं. ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांच्याच पैशावर संस्था उभी राहावी.

हे जमतं. राजस्थानातली मजदूर किसान शक्ती संघटना मोठ्या संस्थांचा निधी न घेता लोकांच्या देणग्यांवर चालत आली. 1996 मध्ये तिथल्या ब्यावर शहरात माहितीच्या हक्कासाठी 40 दिवसांचं धरणं चाललं, तेव्हा लोकांनी धान्य आणि भाजीपाला आणून दिला. त्या लढ्यातून पुढे 2005 चा माहिती अधिकार कायदा आला.

आता आमच्या वहीत काय दिसतं ते सांगतो. सभा संपली की डबा फिरतो. दहाच्या, वीसच्या नोटा, बरीचशी चिल्लर. मी वही घेऊन बसतो, पण किमान वेतनाची तक्रार ज्या मालकाविरुद्ध आहे, त्याच्याच शेतावर उद्या कामाला जाणारी बाई त्या वहीत आपलं नाव का लिहू देईल? ती नोट टाकते आणि निघते. कायद्याच्या लेखी ही झाली अनामिक देणगी. वर्षभराच्या एकूण देणग्यांच्या 5 टक्के किंवा 1 लाख रुपये, यांतल्या मोठ्या आकड्याच्या वर अशी रक्कम गेली की तिच्यावर 30 टक्के कर. निव्वळ धार्मिक संस्थेच्या दानपेटीला मात्र यातून सूट आहे. काळा पैसा रोखायला हा नियम हवा, हे मला मान्य आहे. पण वीस रुपयांच्या नोटेतून कोण काळा पैसा पांढरा करतं?

दुसरा मार्ग स्वतः कमावण्याचा: प्रशिक्षण वर्ग, पुस्तिका, दिनदर्शिका, सर्वेक्षणाची कामं. इथे आमची खरी कोंडी होते. शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरण हे धर्मादाय हेतू कायद्यात नावानिशी आहेत. हक्कांचं काम बहुतेक वेळा 'सार्वजनिक हिताचे इतर हेतू' या खान्यात ढकललं जातं, आणि त्या खान्यातल्या संस्थेचं व्यावसायिक उत्पन्न एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेलं की त्या वर्षाची करसवलत जाते. म्हणजे देणग्या आटल्या की ती मर्यादाही आपोआप खाली येते. कमावण्याची गरज सर्वांत जास्त असते नेमकी तेव्हाच. खर्चाइतकं किंवा नाममात्र जास्त शुल्क घेणं म्हणजे व्यापार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं आहे. पण नाममात्र म्हणजे किती? आमचे सीए छातीठोक सांगत नाहीत, आणि मीही वर्गाची फी वाढवायला धजत नाही.

दरमहा थोडे पैसे देणारे नोकरदार हा आमचा तिसरा आधार. नव्या करप्रणालीत त्यांना 80जी ची, म्हणजे देणगीवरची, वजावट मिळत नाही, आणि 2023-24 पासून वेगळा पर्याय निवडला नाही तर तीच प्रणाली लागू धरली जाते. सवलतीसाठी कुणी देतं असं नाही, पण नव्या माणसाला गळ घालताना तो एक आधार असायचा.

माझी मागणी एवढीच. ठरावीक छोट्या रकमेपर्यंतची प्रत्येक देणगी अनामिक करातून वगळा. सभेची तारीख, ठिकाण आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मोजलेली रक्कम पुरावा म्हणून धरा. हक्क आणि कायदेविषयक साहाय्याला धर्मादाय हेतूंच्या यादीत स्वतंत्र जागा द्या. ते होईपर्यंत 'नाममात्र'ची टक्केवारी सांगणारं परिपत्रक तरी काढा. त्याला संसदेत जावं लागत नाही, आपल्या खात्याची सही पुरते.

आपला,
एका संस्थेचा हिशेबनीस