‘पानी’ खटकलं, ‘ए’ खटकलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा सांगलीत नातीच्या शाळेत एकांकिकांची स्पर्धा होती. जतकडच्या पोरांनी टँकरवरच्या भांडणाचं नाटुकलं केलं आणि झकास केलं. त्यातली एक ठेंगणी पोरगी कमरेवर हंडा घेऊन ‘पानी आलं, पानी आलं’ करत धावत आली, तेव्हा मागच्या रांगेतल्या बाया खुर्च्यांवरून अर्ध्या उठल्या. बक्षीस देताना परीक्षक माइकवर म्हणाले, ‘अभिनय उत्तम, पण बाळ, आधी पाण्याचा ण शिक.’ सभागृह हसलं. पोरगी वेणीचं टोक तोंडात धरून उभी. मग त्यांनी ‘ती फुलराणी’चा दाखला दिला. उच्चार सुधारले की फुलं विकणारी पोरसुद्धा कुठल्या कुठं पोचते, म्हणाले. तेवढ्यात चहा आला. ट्रे घेऊन उभ्या असलेल्या, साठीला टेकलेल्या शिपायाला हेच गृहस्थ म्हणाले, ‘ए, इकडं आण रे.’ त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

मला त्या दाखल्याबद्दलच लिहायचं आहे. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली बर्नार्ड शॉचं इंग्रजी नाटक ‘पिग्मॅलियन’ हे ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणलं, भक्ती बर्वे यांनी त्यातली फुलवाली मंजुळा गाजवली. तेव्हापासून हे नाटक म्हणजे शुद्ध बोलण्याची शिकवणी, असा समज आपल्याकडं पक्का बसलाय. मूळ नाटक नीट वाचलं तर उलटंच दिसतं.

तिसऱ्या अंकात उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स आपल्या शिष्येला, म्हणजे फुलवाली एलायझा डूलिटलला, आईच्या दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर आणतो. तिचे उच्चार आता घासूनपुसून लख्ख. पण बोलते काय? मावशी फ्लूनं गेली म्हणतात, पण माझ्या मते म्हातारीला कुणीतरी उरकलं! वर घरातल्या दारूच्या गोष्टी. पाहुणे गांगरतात. तेव्हा हिगिन्स ठोकून देतो की ही बोलण्याची नवी फॅशन आहे. झालं, पाहुण्यांतली तरुण पोरगी ते खरं मानते आणि निघताना फुलवालीच्या तोंडची शिवी स्वतःच हसत हसत वापरते. १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर याच शिवीनं खळबळ उडवली होती. म्हणजे शब्द तोच. फुटपाथवर तो गलिच्छ ठरतो, सोफ्यावर फॅशन.

आणि हा हिगिन्स स्वतः कसा? ड्रेसिंग गाउनमध्ये नाश्त्याला येतो, त्यालाच हात पुसतो, तोंडात शिव्या. घर सांभाळणारी बाई त्याला वळण लावता लावता थकलीय. तरी तो खालचा आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. फुलवालीचा बाप तर कचरा उचलणारा. त्याच्या बोलण्यात शेवटपर्यंत काडीचा फरक पडत नाही, पण एका अमेरिकनाच्या मृत्युपत्रातून वर्षाला तीन हजार पौंड सुरू होतात आणि त्याला बळंच सभ्य व्हावं लागतं. त्याला कोणी ‘ण’ शिकवला?

शेवटी ती पोरगीच सांगते की आपल्यात फरक पडला तो हिगिन्सच्या मित्रानं, कर्नल पिकरिंगनं, पहिल्याच दिवशी ‘मिस डूलिटल’ अशी हाक मारली तेव्हापासून. इंग्रजीत शॉला त्यासाठी ‘मिस’ जोडावं लागलं. मराठीत ते क्रियापदातच येतं. ‘बस’ आणि ‘बसा’ यांत एका कान्याचाच फरक.

मी एकतीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो. व्यापारी आला की ‘या, बसा’ आणि कपबशीतला चहा. हमालाला ‘काय रे’ आणि चिरा गेलेला ग्लास. आमचे मालक सौद्याला उभे राहिले की अशा शिव्या घालायचे की कान किटायचे. त्यांना सगळे ‘रोखठोक माणूस’ म्हणत. तेच शब्द हमालानं उलटे टाकले की तो ‘उद्धट’. वहीत मीही त्याला एकेरीच लिहायचो, हे कबूल करतो. बाकी नातीच्या वर्गात निम्मी पोरं पाण्याला ‘वॉटर’ म्हणतात, त्यांना अजून कुणी ‘ण’ विचारलेला नाही.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथं उभं केलं म्हणून आपण सांगलीला नाट्यपंढरी म्हणवतो. त्या गावातल्या परीक्षकानं पात्राचा उच्चार आणि पोरीचा उच्चार यांत गल्लत करावी, याचं वाईट वाटलं. उच्चाराचे गुण ठेवायचे तर जरूर ठेवा. पण मग टँकरमागं धावणारी ती बाई ठसठशीत ‘पाणी’ म्हणाली असती, तर मी एक गुण कापला असता.

आपला,
एक जुना वाचक,
गावभाग, सांगली