लेबलावरच्या त्या एका शब्दाबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिले नाही, त्याच्या आधीच्या पत्रालाही दिले नव्हते, आणि दोन्ही वेळा वेळ मिळाला नाही असे जे मी दादाकरवी कळवले ते खरे नव्हते. आपले ते भांडण मनात तसेच अडकून राहिले होते. आज लिहायला बसलो आहे, कारण जे घडले ते घरात कोणालाही सांगितले तरी ‘एवढे काय त्यात’ असेच ऐकायला मिळते. त्यात काय आहे ते तुलाच कळेल. माझी प्रकृती ठीक आहे, रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे, पाठ अधूनमधून धरते.

माझ्या साबणाने माईचे हात बिघडले.

लॅव्हेंडरच्या घाण्यातल्या तीन वड्या मी तिला दिल्या होत्या. महिन्याभराने भेटायला गेलो तेव्हा ती हात पाठीमागे घेऊनच बोलत होती, म्हणून मी ते हट्टाने पुढे करायला लावले. बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल होऊन सुजली होती, उजव्या तर्जनीच्या पेरावर दोन बारीक चिरा पडल्या होत्या आणि जिथे अंगठी असायची तिथला पट्टा सोलल्यासारखा ओलसर दिसत होता. कधीपासून, असे विचारल्यावर ती म्हणाली, “तीन आठवडे होत आले असतील. म्हणून तर बाकी सगळे बंद करून आता तुझाच साबण लावते आहे, दिवसातून सात-आठ वेळा.” बेसिनच्या कडेला वेष्टनाचा कागद तिने नीट घडी घालून ठेवला होता, आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: ‘रसायनमुक्त. त्वचेला निर्धोक.’

तो कागद मी खिशात घालून आणला. हे लिहिताना तो समोर आहे.

पहिला संशय अर्थातच तेलाचा साबण करणाऱ्या कॉस्टिक सोड्यावर, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडवर गेला. घरी येताच वही उघडून त्या घाण्याचा हिशोब पुन्हा मांडला: खोबरेल 300 ग्रॅम, ऑलिव्ह 600, एरंडेल 100, त्यांना लागणारा सोडा अनुक्रमे 0.183, 0.135 आणि 0.128 या गुणकांनी 148.7 ग्रॅम, आणि पाच टक्के तेल मोकळे राहावे म्हणून त्यातून कमी करून 141. काट्यावर ठेवून पाहायला ज्ञात वजनही शोधून काढले. काटा बरोबर आहे. वडीवर ओले बोट चोळून ते जिभेच्या टोकाला लावले, मोकळा सोडा असला की बसतो तो झटका बसला नाही. वडी मधोमध कापून सोड्याचा एखादा पांढरा खडा राहिला आहे का ते पाहिले, तसे काही दिसले नाही. सामू (pH) साबणाचा असावा तसाच नऊच्या वर आला. सहा आठवडे जाळीवर वाळवलेली वडी होती. सोड्याचा कणही उरलेला नव्हता.

मग त्वचेच्या डॉक्टरांनी माईच्या पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या, दोन दिवसांनी काढल्या आणि पुढे आणखी दोन दिवसांनी पुन्हा तपासल्या. प्रतिक्रिया आली ती हवेने बदललेल्या लिनालूलला, म्हणजे सुवास देणाऱ्या एका द्रव्याला. लॅव्हेंडरच्या तेलात साधारण तिसरा हिस्सा लिनालूलच असते. ताज्या तेलातले लिनालूल त्या मानाने सौम्य असते, पण बाटलीत हवा खेळत राहिली की प्राणवायूशी संयोग होऊन त्याची हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात आणि तीच कातडीला जोरदार अॅलर्जी आणू शकतात. माझी बाटली तुला आठवते का? उंच, निळी, जी आपण सुरुवातीलाच आणली होती आणि जिचे झाकण कधी घट्ट बसतच नव्हते? ती निम्म्याहून रिकामी होऊन कपाटात पडली होती. वास अजून येत होता, म्हणून तेल चांगले आहे असे मी धरून चाललो आणि मोजून 30 ग्रॅम ओतले. ज्याला आपण हातमोजे आणि चष्मा घालून भीतभीत हात लावायचो त्या सोड्याने काहीही केले नाही, आणि ज्याच्या बळावर मी लेबलावर छातीठोकपणे ‘निर्धोक’ लिहिले त्या फुलांच्या तेलाने माईची बोटे फाडली. हे दुसऱ्या कोणाला सांगितले तर तो म्हणेल की जुने तेल होते, टाकून द्यायचे. ते मी केव्हाच टाकले. झोप उडाली आहे ती त्या लेबलाने.

आणि इथे तू येतोस. त्या दिवशी तू माझ्या हातातून पेन काढून घेतलेस आणि म्हणालास, “141 ग्रॅम कॉस्टिक सोडा पाण्यात सोडतोस, भांडे हात लावता येत नाही इतके तापते, आणि वर रसायनमुक्त लिहितोस?” मी म्हणालो की तयार वडीत सोडा उरतच नाही, मग लिहिण्यात खोटे काय? त्यावर तू शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञापासून सुरुवात केलीस. चरबी म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरीन हे त्याने 1823 च्या ग्रंथात कसे मांडले, आणि साबण ही वस्तूच मुळी रसायनक्रियेतून जन्मते, हे तू मला माझ्याच ओट्यापाशी उभे राहून अर्धा तास समजावत राहिलास. मी चिडून बोललो की तुला लोकांची भाषा कळत नाही, लोकांना ‘रसायन’ म्हणजे जे इजा करते ते एवढेच ठाऊक असते. तुझे उत्तर मला शब्दशः आठवते: “म्हणूनच तर लिहू नकोस. तू लिहिलेस की ते विचारायचे थांबतील.” मग तू तुझी वही उचलून निघून गेलास.

माईने विचारणे थांबवले, मित्रा. हात लाल झाले तेव्हा तिने भांड्यांच्या पावडरीवर संशय घेतला, कपड्यांच्या साबणावर घेतला, हवेवर घेतला. फक्त माझ्या वडीवर घेतला नाही, कारण माझे अक्षर तिला सांगत होते की इथे घ्यायचे कारण नाही.

आता एकेक गोष्ट आठवते आणि रात्र जाते. कोरफडीचे ते मलम मी चार घरांत दिले होते, परिरक्षक न घालता, आणि तू विचारलेस तेव्हा ‘त्यात ई जीवनसत्त्व आहे ना’ असे म्हणालो होतो. ते तेल खवट होण्यापासून वाचवते, पाण्यात वाढणाऱ्या जंतूंना आणि बुरशीला अडवत नाही, हे तू तेव्हाही सांगितले होतेस. रिठ्याचा काढा पाचव्या दिवशी आंबला होता, तो तर आपण दोघांनी हुंगला होता, आणि तरीही मी मलमाला वेगळा न्याय लावला. ताईला फरशी पुसायला टी ट्री तेलाचे पाणी करून दिले होते आणि तिच्या घरी मांजर आहे! ते तेल मांजरांना विषारी ठरते हे मला गेल्या आठवड्यात वाचायला मिळाले. लगेच फोन केला. तिने ती बाटली उघडलीच नव्हती. मांजर खुशाल आहे आणि, ताईच्या म्हणण्याप्रमाणे, तुझ्यापेक्षा जास्त खाते.

व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याची गोष्ट मात्र आठवली तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आले. दोन्ही स्वच्छ करतात, तर एकत्र दुप्पट करतील, हे माझे म्हणणे. एक आम्ल आणि दुसरा अल्कली, ती एकमेकांना संपवतील आणि हाती सोडियम अॅसिटेटचे पाणी तेवढे राहील, हे तुझे. मी हट्टाने बाटली भरून झाकण लावले, वायू कोंडला, आणि ते झाकण छताला जाऊन आदळले. तो डाग अजून आहे. रंग देणाऱ्याला मी तेवढी जागा सोडायला सांगितली होती.

त्या घाण्याच्या बारा वड्या होत्या. तीन माईकडे, दोन माझ्याकडे, उरलेल्या सात पाच घरांत गेल्या. पाचही घरी मी स्वतः गेलो, जे झाले ते सांगितले आणि वड्या परत मागितल्या. तीन घरांनी दिल्या. एका घरी संपून गेल्या होत्या आणि काही त्रास झाला नव्हता. पाचव्या घरी मात्र मला समजावले गेले की आम्हाला तर उलट फार मानवला, तू उगाच मनाला लावून घेतोस, नैसर्गिक वस्तूने कधी कोणाचे वाईट होत नाही. हे शेवटचे वाक्य माझे आहे. मीच ते त्यांना दोन वर्षांपूर्वी ऐकवले होते, आणि आता ते परत घेता येत नाही. त्या वड्या अजून त्यांच्याकडे आहेत. पुन्हा जावे की पत्र लिहून ठेवावे, हे मला ठरवता येत नाही. तू असतास तर सरळ जाऊन न्हाणीघरातून उचलून आणल्या असत्यास, हे मला माहीत आहे.

साबण करणे सोडावे असे मनात आले होते. पण मिश्रण घोटता घोटता पृष्ठभागावर थेंबाची रेघ उठून क्षणभर टिकते, तो ट्रेस आलेला पाहण्याचा आनंद मला दुसऱ्या कशात मिळत नाही, आणि तुलाही मिळत नसावा. म्हणून करणार आहे, पण लेबल नव्याने लिहून. युरोपीय महासंघात धुवून टाकायच्या वस्तूत लिनालूल 0.01 टक्क्याहून जास्त असेल तर त्याचे नाव छापावेच लागते. मी आपल्या घाण्याचा हिशोब केला: सुमारे 1450 ग्रॅम मिश्रणात नऊ-दहा ग्रॅम, म्हणजे त्या मर्यादेच्या साठपटीहून अधिक, आणि माझ्या लेबलावर त्याचा उल्लेखही नव्हता.

मी असा मसुदा केला आहे: ‘खोबरेल, ऑलिव्ह व एरंडेल तेल, पाणी आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांपासून केलेला साबण. सुवासासाठी लॅव्हेंडर तेल; त्यात लिनालूल असते, काहींना त्याची अॅलर्जी होऊ शकते. त्रास जाणवल्यास वापर थांबवा.’ खाली घाण्याची तारीख आणि तेलाची बाटली उघडल्याची तारीख. सोडियम हायड्रॉक्साइड नावानिशी लिहिले तर लोक घाबरतील की ‘तेलांचा साबण’ एवढेच लिहावे, इथे मी अडलो आहे. नाव लिहावे असे मन सांगते. पण मनाचे यापूर्वी ऐकले तेव्हा काय झाले ते तू वर वाचलेच आहेस, म्हणून हा कागद तू तपासून परत पाठव. लाल पेनानेच तपास, मला राग येणार नाही.

तुझी बदली झाल्याचे दादाकडून कळले. नवी जागा मानवली का? मुलीची परीक्षा पार पडली असेल, तिला माझे आशीर्वाद सांग. गुडघ्याचे काय केलेस तेही लिही.

माईची बोटे आता पुष्कळ बरी आहेत. चिरा भरल्या आहेत, फक्त अंगठीची जागा अजून गुलाबी दिसते. डॉक्टरांनी सुवासाच्या सगळ्या वस्तू कायमच्या बंद करायला सांगितल्या आहेत. परवा मी तिला विचारले की आता कोणता साबण आणून देऊ, तर म्हणाली, “वास नसलेला तू करशील ना?” मी लगेच हो म्हणू शकलो नाही. डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणालो.

तुझ्या वहीत शेवटच्या पानांवर आपण आणलेल्या प्रत्येक बाटलीच्या तारखा आहेत. निळ्या बाटलीची तारीख तेवढी बघून कळव. आणि जमले तर ती वही घेऊन स्वतःच ये.

तुझा मित्र