जुन्या लाकडी बोटीला फायबरमध्ये गुंडाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुनी लाकडी बोट घरच्या घरी नीट करण्यावरचा लेख वाचला, आणि लगेच परत एकदा वाचला. असल्या विषयाला पेपरात जागा मिळाली याचाच आधी आनंद झाला, फोटोही मस्त होते. पण मधे एक वाक्य आलं आणि तिथेच मी अडकले. बोट फार गळत असेल तर बाहेरून फायबरग्लासचं कापड आणि रेझिन लावून टाकायचं म्हणजे कटकट कायमची मिटते, असं लेखात लिहिलंय. हे वाचून कुणी रेझिनचा डबा उघडायच्या आत हे पत्र छापून यावं अशी फार इच्छा आहे म्हणून लगेच लिहायला बसले. पत्र जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून अशीच एक बोट नीट केली, साधारण 18 फुटांची, फळीला फळी टेकवून बांधलेली, साडेचार वर्षं लागली. आमच्याकडे आली तेव्हा दिसायला फार सुंदर होती, कारण आधीच्या मालकाने पाण्याखालचा सगळा भाग फायबरने मढवून वर चकचकीत रंग मारला होता. भावाने हातोडीच्या दांड्याने सगळीकडून ठोकून बघितलं तर बऱ्याच ठिकाणी टणक आवाज यायच्या ऐवजी पुठ्ठ्यावर मारल्यासारखा बद्द आवाज आला. मग एका कोपऱ्यातून फायबर उचकटलं आणि ते एका ओढीत हातभर सुटून आलं, आतून ओलंच होतं, आणि कीलला, म्हणजे बोटीच्या कण्याला, लागून असलेली सगळ्यात खालची फळी नखाने उकरता येत होती. ती फळी उघडी असती तर गळली असती, गळली म्हणून कुणाच्या तरी लक्षात आली असती, वेळेत बदलली गेली असती. एका फळीवर भागायचं तिथे आम्हाला 9 फळ्या आणि 14 बरगड्या, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या वाकवलेल्या लाकडी पट्ट्या, बदलाव्या लागल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यातलं बरंच लाकूड वाचलं असतं.

आता असं का होतं. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि सुकलं की आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच पण रुंदीत चांगलंच. जुन्या बोटी बांधणाऱ्यांनी हा स्वभाव धरूनच बोटी बांधल्या, फळ्यांच्या मधल्या सांध्यात कापसाचा पीळ ठोकून बसवायचा, वर पुट्टी, आणि बोट पाण्यात गेली की फळ्या फुगून एकमेकींना दाबतात आणि सांधा आपोआप बंद होतो. असं रोज हलणारं लाकूड आणि त्यावर न हलणारं कडक फायबर, दोघांचं जमणार कसं? कुठेतरी केसाएवढी चीर पडते किंवा थर सुटतो, पाणी आत जातं आणि आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाटच राहत नाही. लाकूड कुजवणारी बुरशी जगायला लाकडात साधारण 20 टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, थोडी हवा लागते, ऊब लागते. फायबरच्या पोटात तिला तिन्ही मिळतात, वर कुणी बघायला येत नाही.

आणि एक गोष्ट बहुतेकांना खरी वाटत नाही, आधी मलाही वाटली नव्हती. बोट कुजते ती जास्त करून वरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याने, खालच्या खाऱ्या पाण्याने नाही. मीठ बुरशीला मानवत नाही, एकोणिसाव्या शतकात तर मोठी लाकडी जहाजं बांधताना बरगड्यांच्या मधल्या जागेत मुद्दाम मीठ भरून ठेवायचे ते याचसाठी. म्हणून घरी बोट आणली की पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधी पाऊस कुठून आत येतोय ते शोधा. डेकची कड, डेकवर स्क्रूने बसवलेल्या प्रत्येक कडीच्या खाली, नाळेचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचं, वरचं टोक, मागच्या उभ्या फळीचे दोन्ही कोपरे. या जागी टोच्या घालून बघा. आमच्या बोटीत सगळी कूज डेकवरच्या एका कडीच्या खालून सुरू झालेली, तिथून पाणी बरगडीवरून घरंगळत खाली कीलपर्यंत गेलेलं आणि फायबरमुळे तिथेच तुंबलेलं. तळ दुरुस्त करून कडी तशीच ठेवली असती तर पाच-सात वर्षांत परत तेच झालं असतं.

फायबर वाईट असतं असं मी म्हणत नाहीये, हे नीट छापा प्लीज. प्लायवूडची बोट, जी मुळातच फायबरच्या पट्ट्या आणि रेझिन धरून डिझाइन केलेली आहे, तिला ते लावायलाच हवं. मिरर डिंगी नावाची छोटी बोट 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आली, प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यावर फायबरची पट्टी, लोकांनी घरी गॅरेजमध्ये बांधावी म्हणूनच काढलेली, आणि तुमच्यासाठी सांगते की ती चक्क एका वर्तमानपत्राने, ब्रिटनच्या डेली मिररने, पुढे आणली, त्यांचं नावच बोटीला आहे. 70,000च्या वर झाल्या. तशी जुनी मिरर कुणाला मिळाली तर फायबर खुशाल वापरा. प्लायवूड फळीसारखं फुगत-आकसत नाही, सगळा फरक तिथे आहे.

लेखात फटींबद्दलही घाईघाईत लिहिलंय. बोट वर्षभर जमिनीवर राहिली की फळ्या आकसतात आणि सांध्यातून आरपार उजेड दिसायला लागतो, माणूस घाबरतो आणि दिसेल ती फट एपॉक्सीने भरून टाकतो किंवा कापूस ठासून ठासून भरतो. थांबा हो! ती बोट पाण्यात गेल्यावर फळ्या फुगणार, मधे जागाच नसेल तर त्या बरगड्यांवर जोर काढणार, खिळे उपसणार, बरगडी मोडणार. सुकलेल्या बोटीचा सांधा हलक्या हाताने भरायचा असतो. भावाला हे एका सुतारकाकांनी शिकवलं, ते म्हणायचे पीळ ठोकताना हातोडीचा आवाज ऐक, आवाज बदलला की थांब. पाण्यात सोडायच्या आधी चार-पाच दिवस आम्ही गोणपाटं ओली करून आतून बाहेरून अंथरली, दिवसातून तीनदा पाणी मारलं. आत होजपाइप सोडून बोट काठोकाठ भरायची नाही, कारण बोट बाहेरून येणारा दाब सोसायला बांधलेली असते, आतल्या पाण्याचं वजन उलट्या बाजूने फळ्या बाहेर ढकलतं. पाण्यात सोडल्यावर पहिल्या रात्री ती गळलीच, आम्ही दोघं पंप घेऊन आळीपाळीने जागलो, दुसऱ्या दिवशी दुपारी गळती अर्ध्यावर आली आणि चौथ्या दिवशी थांबली. चौथ्या दिवशी सकाळी आत हात घालून कोरडा बाहेर आला तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

खिळे-स्क्रूबद्दल लेखात एकच ओळ आहे, पितळी वापरा. पितळेत जस्त असतं आणि खाऱ्या पाण्यात ते जस्त झिजून निघून जातं, मागे गुलाबीसर ठिसूळ तांबं राहतं, पाण्याखाली पितळी स्क्रू नकोतच, सिलिकॉन ब्राँझचे घ्या किंवा आधी जे होतं तेच, तांब्याचे खिळे असतील तर तांब्याचेच. आणि दोन वेगळे धातू शेजारी शेजारी ठेवू नका. ब्रिटिश नौदलाने हे फार महागात शिकलंय. समुद्रात लाकूड पोखरणारा जो जहाजकिडा असतो (तो खरं म्हणजे किडा नाहीच, शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे) त्याच्यापासून वाचायला त्यांनी 1761 मध्ये एचएमएस अलार्म या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे मारले, जहाजकिडा थांबला पण तांब्याला टेकलेलं लोखंड गंजून खलास झालं. पुढे 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला की तो तुकडा झिजतो आणि तांबं वाचतं. आज बोटीला खाली जस्ताचा गोळा लावतात त्याचं मूळ हे.

फळ्या काढण्याबद्दल थोडक्यात. सगळ्या एकदम काढू नका, बोट आपला आकार विसरते. एक काढा, तिच्या मापाने नवी करा, बसवा, मग पुढची, शक्यतो एकीआड एक, आणि काढलेली जुनी फळी कितीही कुजकी असली तरी जाळू नका, तीच तुमचा साचा आहे, तिच्यावर नंबर टाका. फोटो तर हवेतच. बोटीचं सगळं वजन कीलवर आलं पाहिजे, बाजूच्या टेकूंनी फक्त तिला तोल द्यायचा, टेकूंवर वजन आलं तर सहा महिन्यांत पोटाला खड्डा पडतो. बरगड्यांसाठी लाकूड वाफेवर वाकवायचं, जाडीच्या प्रत्येक इंचाला एक तास वाफ असा ढोबळ हिशोब, आणि भट्टीत वाळवलेलं लाकूड घेऊ नका, ताजं कापलेलं जास्त चांगलं वाकतं. वाफेच्या पेटीतून काढल्यावर हातात जेमतेम अर्धं-एक मिनिट असतं त्यामुळे दोन माणसं लागतातच, आम्ही पहिल्या दिवशी 5 बरगड्या मोडल्या.

आता जे लेखात अजिबातच नाही आणि ज्याच्यासाठी मला तुमच्यावर खरंच रागवायचंय. फोटोत तो माणूस साधा रुमाल बांधून जुना रंग घासतोय. जुन्या बोटींच्या रंगात शिसं असतं, सांध्यातल्या पुट्टीत रेड लेड असतं, म्हणजे आपला शेंदूर, तोही शिशाचाच. तळाला शेवाळ-शंख चिकटू नयेत म्हणून जो रंग मारतात त्यात तांबं असतं, आणि जुन्या थरात टीबीटी नावाचं कथलाचं विषारी संयुगही असू शकतं, ज्यावर 2008 पासून आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी आहे. हे कोरडं घासून हवेत उडवायचं नाही! पाणी लावून ओलं घासा, बारीक धुळीचा फिल्टर असलेला चांगला मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरून सगळा चोथा गोळा करा, ते कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नका आणि लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका. घरातच काम चालणार असतं म्हणून हे जास्तच महत्त्वाचं.

तसंच जवसाच्या तेलाच्या चिंध्या. तेल हवेतला ऑक्सिजन घेत सुकतं आणि सुकताना गरम होतं, चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला की उष्णता आत कोंडते आणि तो आपोआप पेटतो, काडी लागत नाही. एकेक चिंधी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. रात्री निघताना सगळी बटणं बंद केली का ते बघा. 1869 सालचं कटी सार्क हे प्रसिद्ध ब्रिटिश जहाज 2007 मध्ये दुरुस्ती चालू असतानाच पेटलं, चौकशीत कारण निघालं की सुट्टीच्या दिवसांत चालूच राहिलेला एक व्हॅक्यूम क्लीनर. बऱ्याच फळ्या कामासाठी आधीच काढून दुसरीकडे ठेवलेल्या म्हणून तेवढ्या वाचल्या, आणि 2012 मध्ये ते परत लोकांना बघायला उघडलं.

मला माहितीये की पानाला शब्दमर्यादा असते आणि लेख लिहिणाऱ्यांनी मनापासूनच लिहिलंय. पण लाकडी बोटी आता मुळातच कमी राहिल्यात, त्या बांधणारे हात त्याहून कमी. उत्तर युरोपातल्या फळीवर फळी चढवून बांधायच्या बोटींची परंपरा युनेस्कोने 2021 मध्ये वारशाच्या यादीत घेतली, त्यात बोटीइतकंच ती बांधायच्या ज्ञानालाही मोल दिलंय. प्रत्येक जुनी बोट म्हणजे कुणाच्या तरी हाताचं अक्षर आहे असं मला वाटतं. एक बरगडी सरळ करताना आम्हाला आत पेन्सिलीच्या खुणा सापडल्या, कुणीतरी मापं लिहून ठेवलेली, त्या आम्ही रंगाखाली जाऊ दिल्या नाहीत, वरून नुसतं व्हार्निश मारलंय.

एक विनंती. हे पत्र लेखातल्या त्या बोटीच्या मालकांपर्यंत पोचवाल का? त्यांनी अजून फायबर लावलं नसेल तर आधी लाकडातला ओलावा मोजायला सांगा, आणि बोट खाऱ्या पाण्यातली असेल तर मीटर मिठामुळे आकडा जास्त दाखवतो हेही सांगा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका, टोच्यानेही बघा. लावून झालं असेल तर बोटीवर झाकलेल्या ताडपत्रीची दोन्ही टोकं उघडी ठेवा म्हणजे आतून वारा खेळेल, आणि दर सहा महिन्यांनी आत उतरून कीलच्या शेजारच्या फळीत टोच्या घालून बघा. पहिली कुजते ती तीच.

आपली,
एक नियमित वाचक